पाळणा लांबला, भार उतरला का?

मित्रमैत्रिणींनो,

१९६०च्या सुमारास जगातल्या एका बाईला आयुष्यभरात सरासरी पाच मुलं होत होती. आज हा आकडा, म्हणजे जननदर, सव्वादोनच्या आसपास आलाय. म्हणजे आजी आणि नात यांच्यामध्ये निम्म्याहून जास्त फरक पडला. आणि यातली बरीचशी घट आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या गरीब देशांत झाली, कारण श्रीमंत देशांत जननदर बराचसा आधीच खाली आलेला होता.

हे कसं झालं असं विचारलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं. मुली शिकल्या, बायका कामाला लागल्या, म्हणून मुलं कमी झाली. यातलं शिक्षणाचं मला मान्य आहे. कामाबद्दलच्या वाक्याशी मात्र मला भांडायचं आहे, आणि आजचं बोलणं मुख्यतः त्याबद्दलच आहे. बायका ‘कामाला लागल्या’ असं म्हणताना आपण काय गृहीत धरतो? त्याआधी त्या काय करत होत्या? पाणी कोण भरत होतं, लावणी आणि खुरपणी कोण करत होतं, बाजारात टोपली घेऊन कोण बसत होतं?

एस्टर बोसेरुप या डॅनिश अर्थतज्ज्ञ बाईंनी हा प्रश्न नीट विचारला. १९५०च्या दशकाच्या अखेरीला त्या काही वर्षं भारतात संशोधनासाठी होत्या, नंतर त्यांनी आफ्रिकेतली शेती पाहिली. दोन्हीकडे शेतीच, पण शेतात दिसणारी माणसं वेगळी. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला ज्या भागांत कुदळीनं शेती व्हायची, तिथे जमीन साफ करण्याचं काम पुरुषांचं आणि पुढचं पेरणीपासून काढणीपर्यंतचं बहुतेक सगळं बायकांचं. जिथे नांगर आणि बैल आले, तिथे शेत पुरुषाचं झालं आणि बाई घराच्या जवळ, अंगणात, खळ्यावर सरकली. १९७० साली त्यांनी हे सविस्तर मांडलं. त्यांचा खरा राग होता तो वसाहतीच्या काळातल्या आणि त्यानंतरच्या अधिकाऱ्यांवर. शेतकरी म्हणजे पुरुष, असं युरोपातून डोक्यात घेऊन आलेल्या या लोकांनी आफ्रिकेत नवी बियाणी, नगदी पिकं, कर्ज, प्रशिक्षण आणि जमिनीची कागदपत्रं पुरुषांच्या हातात दिली. शेत कसत होती बाई, आणि सुधारणा पोचली नवऱ्याकडे. त्यामुळे विकासाबरोबर दोघांमधलं अंतर वाढत गेलं.

पुढे २०१३ साली तीन अर्थतज्ज्ञांनी बोसेरुपबाईंचं हे म्हणणं आकडेवारीवर तपासून पाहिलं. ज्या समाजांचे पूर्वज नांगरानं शेती करत होते, त्या समाजांत आजही बायका घराबाहेरच्या कामात कमी दिसतात. नांगर कधीच सुटला, लोक शहरात आले, परदेशात स्थायिक झाले, तरीही ‘बाईची जागा कुठे’ याबद्दलच्या समजुती राहिल्या. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. आपण ज्याला परंपरा म्हणतो, त्यातला काही भाग एका अवजाराच्या सोयीतून आलेला असू शकतो.

आता इथे एक अडचण उभी राहते. बाई काम करू लागली की मुलं कमी होतात, हे जर खरं असेल, तर आफ्रिकेतल्या या बायकांना सगळ्यात कमी मुलं व्हायला हवी होती. प्रत्यक्षात उलट होतं. केनियामध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीला एका बाईला सरासरी आठच्या आसपास मुलं होत होती, त्या काळातला जगातला सर्वांत वरच्या जननदरांपैकी तो एक होता. पश्चिम आफ्रिकेत तर व्यापारच बायकांच्या हातात. टोगोच्या राजधानीत, लोमेमध्ये, रंगीत छापील कापडाच्या घाऊक व्यापारातल्या बायका इतक्या श्रीमंत झाल्या की त्यांच्या मर्सिडीज बेंझ गाड्यांवरून लोक त्यांना ‘नाना बेंझ’ म्हणू लागले. घानामध्ये अक्राच्या मकोला बाजाराचंही तेच. तिथल्या व्यापारी बायकांचा दरारा एवढा, की १९७९ साली महागाईचं खापर त्यांच्यावर फोडून लष्करी राजवटीनं तो बाजार जमीनदोस्त केला. कमावत्या, हिशेबात पक्क्या, नवऱ्यापेक्षा वेगळी थैली बाळगणाऱ्या या बायका. आणि त्यांच्या भोवतालच्या समाजात सहा-सात मुलं ही साधी गोष्ट होती.

याचं उत्तर कामाच्या प्रकारात आहे. बाजारात बसलेली बाई मूल पाठीला बांधून बसू शकते. मध्येच पाजू शकते, शेजारणीवर दुकान सोपवून घरी जाऊन येऊ शकते. शेतातही तेच, बांधावर झोळी टांगता येते. घरात सासू, बहीण, सवत, भाचरं असतात. पश्चिम आफ्रिकेत तर मुलं नातेवाइकांकडे वाढायला पाठवण्याची जुनी रीत आहे. म्हणजे मूल आणि काम एकमेकांच्या आड येत नाहीत. शिवाय मूल सहा-सात वर्षांचं झालं की तेच हाताशी येतं, शेळ्या वळतं, पाणी आणतं, टोपली डोक्यावर घेऊन फिरतं. जॉन काल्डवेल या ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञानं नायजेरियातल्या आणि घानातल्या अभ्यासावरून १९७६ साली एक साधी गोष्ट मांडली. जोपर्यंत कुटुंबात संपत्तीचा आणि श्रमाचा ओघ मुलांकडून आईबापांकडे वाहतो, तोपर्यंत जास्त मुलं असणं शहाणपणाचंच असतं. हा ओघ उलटा वाहू लागला, म्हणजे शाळेची फी, पुस्तकं आणि मोठ्या अपेक्षा आल्या, की लोक आपणहून थांबतात. गरीब माणसाला हिशेब कळत नाही म्हणून त्याला खूप मुलं होतात, असं मानणाऱ्यांनी काल्डवेल वाचायलाच हवा.

कारखान्यात मात्र झोळी टांगता येत नाही. भोंगा झाला की यंत्रासमोर उभं राहावं लागतं. तेव्हा मूल आणि मजुरी यांत पहिल्यांदा खरी ओढाताण सुरू होते. गॅरी बेकरसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी याला आईच्या वेळेची किंमत म्हटलं. बाईच्या एका तासाला बाजारात जेवढा जास्त दाम, तेवढं प्रत्येक मूल महाग. युक्तिवाद बरोबर आहे, पण त्यात एक व्यक्ती नजरेआड होते. आईचा वेळ महागला म्हणून मूल सांभाळायचं थांबत नाही, ते दुसऱ्या कुणावर तरी जातं. बहुतेक वेळा आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीवर. युनिसेफनं २०१६ साली जगभराचा अंदाज मांडला होता. पाच ते चौदा वयाच्या मुली घरकामात रोज एकूण ५५ कोटी तास घालवतात, त्यांच्याच वयाच्या मुलांपेक्षा १६ कोटी तास जास्त. आईच्या कामाचा जननदरावर काय परिणाम झाला, हे मोजताना या मुलीच्या शाळेचं काय झालं, हेही त्याच कागदावर लिहायला हवं. ती शाळेबाहेर पडली, तर तिचं लग्न लवकर होईल, आणि एका पिढीनंतर सगळं पुन्हा तिथेच येईल.

मोजणीबद्दल थोडं बोलतो, कारण त्यात बरंच काही लपतं. २०१३ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आकडेशास्त्रज्ञांच्या परिषदेनं कामाची नवी व्याख्या केली. घरचा स्वयंपाक, मुलांची आणि आजाऱ्यांची देखभाल, पाणी-सरपण, हे सगळं ‘काम’ आहे, असं त्यांनी मान्य केलं. हे मोठं पाऊल होतं. पण त्याच वेळी ‘रोजगार’ ही संज्ञा मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेल्या कामापुरती ठेवली. म्हणजे जी बाई घरच्या खाण्यापुरतं धान्य पिकवते ती नव्या व्याख्येत काम करते, पण तिला रोजगार आहे असं धरत नाहीत. शास्त्रीय दृष्टीनं याची कारणं देता येतात. धोरण ठरवणारा मात्र रोजगाराचा रकाना पाहतो आणि पुढे जातो. कर्ज, विमा, प्रशिक्षण, निवृत्तिवेतन यांचे निकष त्याच रकान्यावरून ठरतात.

आता बांगलादेश. या विषयात या देशाकडे इतक्या लोकांनी इतक्या बारकाईनं पाहिलंय, आणि तरीही त्याची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. १९७०च्या दशकाच्या मध्यावर इथला जननदर सहाच्या वर होता. २०११पर्यंत तो २.३वर आला. देश तेव्हाही गरीबच होता. हे चमत्कारासारखं वाटतं, पण त्यामागचे दुवे दिसतात.

पहिला दुवा मतलब नावाच्या ग्रामीण भागातला. १९७७ साली तिथल्या जवळपास निम्म्या गावांत एक प्रयोग सुरू झाला. गावातल्याच शिकलेल्या, लग्न झालेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून नेमलं आणि त्या दर पंधरा दिवसांनी घरोघरी जाऊ लागल्या. गर्भनिरोधक गोळ्या, सुई, निरोध, तांबी, जे हवं त्याची माहिती आणि साधनं दारात मिळू लागली, आणि काही त्रास झाला तर विचारायला ओळखीचं माणूस होतं. उरलेल्या गावांत नेहमीची सरकारी सेवा चालू राहिली. फरक लवकर दिसला आणि टिकला. पडद्यामुळे ज्या बायकांना बाजारापर्यंतही एकटं जाता येत नव्हतं, त्यांच्यासाठी दवाखान्याचं अंतर हीच मोठी भिंत होती. ती भिंत ओलांडून जाण्याचं काम दुसऱ्या बायकांनी केलं. मला इथे आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या सेविकांचा स्वतःचा पगार होता, त्या उघडपणे गावात फिरत होत्या. प्रत्येक घरातल्या मुलीनं ते पाहिलं.

दुसरा दुवा तयार कपड्यांच्या कारखान्यांचा. १९७०च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेल्या या उद्योगात पुढे लाखो बायका आल्या, बहुतेक तरुण, खेड्यातून आलेल्या. संशोधकांनी कारखान्यांच्या आसपासची गावं आणि दूरची गावं यांची तुलना केली, तेव्हा असं दिसलं की कारखान्याजवळच्या मुलींचं लग्न आणि पहिलं मूल, दोन्ही पुढे गेली. काही मुली कामाला लागल्या म्हणून. त्यांच्याहून लहान मुली मात्र शाळेत टिकल्या, कारण आकडे आणि अक्षरं येणाऱ्या मुलीला बरं काम मिळतं, हे आईबापांना दिसत होतं. म्हणजे कारखान्यानं बदल घडवला तो मुख्यतः लग्नाच्या आधीच्या वर्षांत. चौदाव्या वर्षी सासरी जाणारी मुलगी एकोणिसाव्या वर्षी गेली, तर मधल्या पाच वर्षांत ती काय शिकते, कुणाशी बोलते, स्वतःच्या नावावर काय जमवते, यानं पुढच्या संसारात तिचा शब्द किती चालेल ते ठरतं.

याच उद्योगात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळलं आणि अकराशेहून जास्त माणसं मेली, त्यांत बहुसंख्य बायका. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना आत जायला लावलं. जननदर कमी झाला, मुली शाळेत गेल्या, म्हणून या कारखान्यांचं कौतुक करणाऱ्यांनी हे नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. बाईला कमाई मिळाली पाहिजे, आणि ती करून संध्याकाळी जिवंत घरी परतताही आलं पाहिजे.

तिसरा दुवा कमी सांगितला जातो. मीड केन या संशोधकानं १९७०च्या दशकात बांगलादेशातल्या एका खेड्यात राहून कोण किती काम करतं, किती खातं, याच्या नोंदी ठेवल्या. मुलगे बाराव्या वर्षाच्या आसपास आपल्या खाण्यापेक्षा जास्त उत्पन्न करू लागतात, असं त्याला दिसलं. पण त्याचा अधिक मोलाचा मुद्दा बायकांच्या असुरक्षिततेबद्दल होता. तिथे बाई नवऱ्यापेक्षा बरीच लहान असायची, जमीन तिच्या ताब्यात नसायची, बाहेर मजुरीला तिला कुणी ठेवत नसे. नवरा गेला की मोठा मुलगा नसलेली विधवा काही वर्षांतच जमीन गमावून बसे. अशा समाजात बाईनं दोन मुलगे जगेपर्यंत थांबू नये, यात अडाणीपणा काय आहे? मुलगा हाच तिचा विमा होता. आणि ती वाट पाहताना मधे मुली होत, त्यांना मिळणारं खाणं-औषध मुलांपेक्षा कमी असे. अमर्त्य सेन यांनी १९९० साली दहा कोटींहून अधिक बायका ‘हरवल्या’ आहेत, म्हणजे असायला हव्या होत्या पण नाहीत, असं लिहिलं, त्या हरवण्याच्या मुळाशी बाईचं हे आर्थिक परावलंबन आहे.

आता इराणकडे वळतो, कारण त्यानं आपल्या ठरलेल्या उत्तराची फारच अडचण केलीय. १९८०च्या दशकाच्या मध्यावर इराणचा जननदर साडेसहाच्या आसपास होता. २०००च्या सुमारास तो दोनवर आला. इतकी वेगवान घसरण जगात क्वचितच कुठे झाली असेल. खेड्याखेड्यांत आरोग्यघरं उभी राहिली, तिथे स्थानिक स्त्री-पुरुष सेवक नेमले, बालमृत्यू कमी झाले, खेड्यातल्या मुली मोठ्या संख्येनं शिकल्या, आणि १९८९नंतर सरकारनं गर्भनिरोधक साधनं मोफत दिली. पण या सगळ्या काळात पगारी कामात असलेल्या बायकांचं प्रमाण पाचांत एकीच्याही खालीच राहिलं. म्हणजे कमाईशिवायही जननदर कोसळू शकतो. शिकलेल्या, एक-दोन मुलं असलेल्या लाखो बायका तिथे तयार झाल्या आणि त्यांच्यासाठी नोकरीचे दरवाजे मात्र फारसे उघडले नाहीत. आणि आता सरकारला पुन्हा जास्त मुलं हवी आहेत, तर २०२१च्या कायद्यानं सरकारी दवाखान्यांतून मोफत साधनं देण्यावर बंधनं आली.

भारताचे आकडेही याच बाजूला बोट दाखवतात. १९९२-९३च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जननदर ३.४ होता, २०१९-२१मध्ये तो २.० झाला. या काळाच्या मधल्या टप्प्यात बायकांचा श्रमातला सहभाग वाढायला हवा होता. तो घटला, आणि २०१७-१८ साली पंधरा वर्षांवरच्या बायकांमध्ये २३.३ टक्क्यांपर्यंत खाली आला. त्यानंतर हा आकडा पुन्हा वर चढला, २०२३-२४मध्ये ४१.७ टक्के झाला. पण त्यात मोठा वाटा घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी मदत करणाऱ्या बायकांचा आहे. त्यांच्या हातात पैसा येत नाही.

मग मुलं कमी झाल्यानं वाचलेला वेळ गेला कुठे? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. सहा मुलांची आई आयुष्यातली पंधरा-वीस वर्षं गरोदरपणात आणि पाजण्यात घालवत होती. दोन मुलांच्या आईची ती वर्षं चार-पाचांवर आली. जीव वाचला, आजारपण कमी झालं, हे फार मोठं आहे आणि त्याला कमी लेखण्याचा माझा अजिबात हेतू नाही. पण सुटलेली वर्षं तिच्या पदरात पडली का? भारतातली २०१९ची वेळवापर पाहणी सांगते की घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, आणि पुरुषांपैकी जे घरकाम करतात ते ९७ मिनिटं. शिवाय पुरुषांपैकी असं काम करणारेच मुळात चारांत एक. मुलं कमी झाली तशी प्रत्येक मुलामागची मेहनत वाढली. अभ्यास, डबे, शाळा-क्लासला ने-आण, आजारपणं, आणि आयुर्मान वाढल्यामुळे सासू-सासऱ्यांची दीर्घ सेवा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१८ साली मांडलेला जागतिक हिशेब असा: घरातल्या देखभालीमुळे आपण रोजगारात येऊ शकत नाही, असं सांगणाऱ्या बायका ६० कोटींहून अधिक आणि पुरुष ४ कोटींच्या आसपास. जन्मदराचा आलेख खाली येताना पाहून आपण टाळ्या वाजवतो, आणि त्याच घरातला हा दुसरा आलेख जवळपास सपाट राहिलेला असतो.

जननदरालाच यश मानण्याचा एक भयंकर परिणाम म्हणजे सरकारांना बाईचं शरीर हे लक्ष्यपूर्तीचं ठिकाण वाटू लागतं. भारतात १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या, आणि त्यातली जबरदस्ती सर्वश्रुत आहे. पुरुष चिडले, सरकार पडलं. त्यानंतर कार्यक्रम थांबला नाही, तो बायकांकडे वळला. २०१९-२१च्या पाहणीत लग्न झालेल्या बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांची नसबंदी झालेली होती, पुरुष नसबंदीवर अवलंबून असलेल्या ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असूनही. नोव्हेंबर २०१४मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या, आणि पुढच्या काही दिवसांत १३ जणी दगावल्या. पेरूमध्ये १९९६ ते २००० या काळात दोन लाख सत्तर हजारांच्या आसपास बायकांची नसबंदी झाली, त्यांतल्या बऱ्याच जणी डोंगराळ भागातल्या गरीब, केचुआ ही तिथली मूळ भाषा बोलणाऱ्या, आणि अनेकींना आपल्यावर काय करतायत हे धड सांगितलंही नव्हतं. जबरदस्तीशिवाय काम होत नाही असं म्हणणारे चीनचं उदाहरण देतात. तिथला जननदर १९७० साली साडेपाचच्या वर होता आणि एक मूल धोरण येण्यापूर्वीच पावणेतीनच्या आसपास उतरला होता. १९७०च्या दशकातली ती मोहीमही दबावापासून मुक्त नव्हती. पण घसरणीचा मोठा हिस्सा त्या कडक धोरणाच्या नावावर टाकणं चुकीचं आहे.

मालकही यात मागे नव्हते. ब्राझीलमध्ये नोकरी देताना बाईकडे नसबंदीचा दाखला मागण्याची प्रथा इतकी पसरली होती की १९९५ साली खास कायदा करून गरोदरपणाची चाचणी आणि असा दाखला मागण्यावर बंदी घालावी लागली. काम आणि गर्भ यांचं नातं तपासणाऱ्या आलेखात ही बाई ‘नोकरी करते म्हणून मुलं कमी’ अशी नोंदली गेली असेल. तिनं काय निवडलं होतं?

घराच्या आतही निवड सोपी नसते. झांबियामध्ये एक अभ्यास झाला, २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. काही बायकांना गर्भनिरोधक सेवेची कुपनं एकांतात दिली, काहींना नवऱ्यासमोर. एकांतात मिळालेल्या बायकांनी सेवा जास्त घेतली, विशेषतः लपवता येणारी सुई, आणि त्यांच्यात बाळंतपणं कमी झाली. इथपर्यंत वाचून आनंद होतो. पुढचा निष्कर्ष मला अस्वस्थ करतो. त्याच बायका पुढे आपण कमी समाधानी असल्याचं सांगत होत्या. नवऱ्यापासून लपवत जगण्याचा ताण त्यांच्या वाट्याला आला. साधन हातात येणं आणि ते उघडपणे वापरता येणं यांत इतकं अंतर असतं. तिच्या नावावर उत्पन्न असतं, घर असतं, माहेरचा किंवा मैत्रिणींचा आधार असतो, तिथे हे अंतर कमी होतं. बोसेरुपबाईंनी दाखवलेल्या त्या शेतातल्या बाईकडे श्रम भरपूर होते, पण जमिनीचा कागद नव्हता. लोमेच्या व्यापारी बाईकडे पैसाही होता, मूल आणि धंदा दोन्ही चालवण्याची सोयही होती, म्हणून तिला मुलं कमी करण्याचं कारणच नव्हतं. तिनं मोठं कुटुंब ठरवून ठेवलं असेल, तर तोही तिचा निर्णय आहे, आणि लोकसंख्येच्या नावाखाली त्याला नाकं मुरडायचा अधिकार कुणाला नाही.

मग करायचं काय, असं विचाराल. मी दोन गोष्टींवर भर देईन, कारण दोन्ही करून पाहिलेल्या आहेत.

एक, पाळणाघर. नैरोबीच्या कोरोगोचो या झोपडवस्तीत मुलांना पाळणाघरात ठेवण्याचा खर्च काही आयांसाठी उचलला गेला. त्या आयांमध्ये कामावर असलेल्यांचं प्रमाण वाढलं. एकट्या आयांना कमाईत तोटा न होता ठरावीक वेळेचं काम धरता आलं. पाळणाघर म्हटलं की आपल्याला शहरातली नोकरदार बाई आठवते, पण त्याची सर्वाधिक गरज आहे ती बांधकामावरच्या, भाजी विकणाऱ्या, घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला. आंतरराष्ट्रीय करारात किमान चौदा आठवड्यांची प्रसूतिरजा आहे. गरीब देशांत बहुसंख्य बायका जिथे काम करतात, तिथे रजा कुणाकडे मागायची हेच माहीत नसतं, कारण मालक नावाचा माणूसच नसतो. तिथे रजेचा कायदा कितीही चांगला केला तरी पोचत नाही, वस्तीतलं पाळणाघर पोचतं. आणि ते थोरल्या बहिणीलाही शाळेत परत पाठवतं. तिथे मुलं सांभाळणाऱ्या बायकांना पूर्ण पगार द्यायला हवा. त्यांना ‘सेविका’ म्हणून मानधनावर राबवलं, तर एकीचा भार उतरवून दुसरीवर ठेवल्यासारखंच होईल.

दुसरी गोष्ट म्हातारपणाची. मुलगा हाच विमा, हे मीड केननं दाखवलं होतं. त्या विम्याला पर्याय दिला तर काय होतं? नामिबिया १९९० साली स्वतंत्र झाला, आणि वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांना भरपूर आणि काळ्यांना नावापुरतं मिळणारं वृद्धांचं निवृत्तिवेतन तिथे सगळ्यांसाठी सारखं केलं गेलं. ज्या भागांत आणि गटांत या पैशानं खरी भर पडली, तिथे जननदर लक्षणीय घटल्याचं पुढच्या अभ्यासात दिसलं. त्यासाठी कुणावर लक्ष्य लादलं नव्हतं, शिबिरं भरवली नव्हती. म्हातारपणी आपण उपाशी मरणार नाही, एवढी खात्री लोकांना मिळाली होती. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत असंच निवृत्तिवेतन आजीच्या हातात पडलं, तिथे घरातल्या नातींची प्रकृती सुधारली, आजोबांच्या हातात पडलं तिथे तसा फरक दिसला नाही. ब्राझीलनं १९९०च्या दशकात ग्रामीण श्रमिकांना निवृत्तिवेतन दिलं, त्यात घरच्या शेतात आयुष्यभर राबलेल्या बायकांना पंचावन्नाव्या वर्षापासून स्वतःच्या नावानं ते मिळू लागलं. त्यासाठी त्यांना पगाराच्या पावत्या दाखवाव्या लागल्या नाहीत, शेतात राबल्याचा पुरावा पुरला. तिचं काम हे काम आहे हे सरकारनं मान्य केलं, तेही दरमहा पैसे देऊन.

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांनी आरोग्यसेविका किंवा अंगणवाडी सेविका म्हणून काम केलंय, त्यांनी आधी बोलावं अशी माझी विनंती आहे.